आधी ओहोटी बघा, मग होडी

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. कोलशेतला बाराव्या मजल्यावर राहतो, बाल्कनीतून खाडी दिसते. लहानपण चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी गेलं, तेव्हापासून स्वतःची होडी असावी अशी इच्छा आहे. शर्यत मारायची नाही, मासे धरायचे नाहीत. रविवारी सकाळी पत्नी, एक मित्र-जोडपं आणि कधी नात, असं चार-पाच जणांनी थर्मास घेऊन सावकाश फिरून यायचं, एवढंच. नऊ लाख बाजूला ठेवलेत. तीन जुन्या बोटी पाहिल्या. एक १९ फुटी, पांढरीशुभ्र, मागे बाहेरून टांगलेलं ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, फारच देखणी. दुसरी २६ फुटी, केबिनची, पोटात डिझेल इंजिन, झोपायला जागा आणि टॉयलेट. तिसरी एका मच्छीमाराची, २० फुटी, फायबरची, ९.९ चं इंजिन. मुलगा म्हणतो पहिली घ्या. पत्नी म्हणते, टॉयलेट असेल ती घ्या, नाहीतर घेऊच नका. तिसरी स्वस्त आहे, पण चार पाहुण्यांना दाखवण्यासारखी नाही. कुठली घेऊ?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रात बोटीची लांबी आहे, इंजिनाची ताकद आहे, रंगसुद्धा आहे. पण ही बोट सोमवार ते शनिवार राहणार कुठे, ते कुठेच नाही. गेली तीस वर्षं मी बेलापूरच्या बाजूला आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. हौसेने घेतलेल्या बोटी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यातल्या निम्म्यांचं दुखणं इंजिनात नसतंच. बोट घेताना मालकाने पाणी भरतीला पाहिलेलं असतं आणि बोट वापरायची वेळ येते ओहोटीला.

हा शहाणपणा मला जन्मजात आला असं समजू नका. वडील तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, घर दिवाळे गावात, आणि तरी तिशीत मीच तुमच्या मुलाची निवड केली होती. एका गिऱ्हाइकाला दुरुस्तीचे पैसे देणं जमेना, म्हणून त्याने १७ फुटी स्पीडबोटच माझ्या गळ्यात मारली. ९० हॉर्सपॉवर, लाल पट्टा, वर संगीताची सोय. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला बसवलं, वाशीच्या पुलाखालून वर गेलो आणि पाणी उतरत असताना गाळावर चढलो. इंजिन मागे घेऊन पाहिलं, पुढे रेटून पाहिलं. पंख्याने नुसतं काळं कालवण ढवळलं. एक कोळी आपलं होडकं घेऊन लांबून चालला होता. मी खाली उतरून ढकलणार, एवढ्यात तो ओरडला, "दादूस, उतरू नको. चिखल छातीला लागल. बस गप." साडेपाच तास गप बसलो. बायको पहिला तासभर माझ्याशी बोलत होती. रात्री घरी आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "भरती किती वाजता होती?" तांडेलाच्या पोराला ते माहीत नव्हतं.

तर आधी पाण्याबद्दल. तुमच्या बाल्कनीतून दिसते ती उल्हास नदीचीच खाडी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण करत आलेली उल्हास तुमच्यापर्यंत पोहोचते तोवर खारी झालेली असते, आणि घोडबंदर, भाईंदर, पाणजू बेटाजवळून वसईला समुद्रात जाते. कागदावर हा राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक ५३, कल्याण-ठाणे-मुंबई. पण आपण तिला नदी म्हटलं तरी ती दिवसातून दोनदा उलटी वाहते. वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण बँकेत पस्तीस वर्षं काढली की विसरायला होतं. उधाणाच्या दिवशी, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे एका मजल्याहून अधिक पाणी सहा तासांत निघून जातं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, तोच फरक निम्म्याखाली येतो.

याचा बोटीशी संबंध असा, की तुमच्या भागात काठाजवळची बरीचशी जागा ओहोटीला उघडी पडते. तिथे ठेवलेली बोट रोज दोनदा चिखलात बसणार. सपाट तळाची असेल तर ती म्हशीसारखी निवांत बसते. खाली कणा आणि पंखा असलेली असेल तर कलंडते, आणि पुढची भरती येते तेव्हा उठण्याआधी एका कुशीवरून पाणी आत घेते. तुमची केबिनची बोट या दुसऱ्या जातीची. डिझेल पोटात, दांडा तळातून बाहेर, त्याला पंखा, त्यामागे सुकाणू. तिला तरंगायला अडीच-तीन फूट पाणी हवं आणि ते बारा महिने, चोवीस तास हवं. असा खोल पाण्याचा नांगरठाव तुमच्याकडे आहे का? नसेल तर तिच्यात कितीही छान गाद्या असोत, तिचा विषय मी इथेच संपवला असता. पण ती वहिनींची निवड आहे, त्यामुळे पुढे पुन्हा येतो.

आता पांढरीशुभ्र. तुम्ही लिहिलंय "सावकाश", आणि बघताय ११५ हॉर्सपॉवर. ही बोट पाण्यावर उचलली जाऊन सुसाट पळण्यासाठी बांधलेली असते. तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल असतो, कारण तिला लाटा कापायच्या असतात. हळू चालवली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावी-उजवी भटकायला लागते, सतत चाक फिरवून तिला रस्त्यावर ठेवावं लागतं. रविवारचे तीन तास तुम्ही गप्पा मारण्याऐवजी चाकच फिरवत बसाल. जरा वेग वाढवला तर ती ना धड पाण्यात, ना धड पाण्यावर, अशा अवस्थेत जाते. मागचा भाग खाली बसतो, नाळ वर जाते, समोरचं दिसत नाही, आणि मागे सगळ्यात मोठी लाट उठते ती याच वेगाला. ती लाट काठाच्या गाळाला, तिवरांच्या मुळांना आणि जाळं टाकून बसलेल्या माणसाच्या होडक्याला लागते. पेट्रोलचा अंदाज सांगतो : पूर्ण वेगाला दर दहा हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण चार लिटर. म्हणजे ११५ ला चाळीसच्या वर. मुलाला म्हणावं, पेट्रोल तू भर.

सावकाश जाणाऱ्या होडीचं गणित वेगळं असतं आणि ते इंजिनावर फारसं अवलंबून नसतं. होडीची पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. येईल तो तिचा नैसर्गिक वेग, नॉटमध्ये. १६ फुटांना येतात ५.३६ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या जरासं आत. २० फुटांना सहा नॉट, ताशी अकरा किलोमीटर. या वेगापर्यंत होडी लोण्यासारखी जाते आणि त्याला आठ-दहा हॉर्सपॉवर पुरतात. त्यापुढे तुम्ही दुप्पट ताकद लावली तरी ती स्वतःचीच लाट चढत राहते. ताशी दहा किलोमीटर ऐकायला कमी वाटतं. पाण्यात बसून बघा, काठावरचे बगळे मोजत जाता येतं आणि चहा सांडत नाही.

मग इंजिन नेमकं किती घ्यायचं? इथे प्रवाह आडवा येतो. समजा तुमची होडी ताशी दहा किलोमीटर जाते आणि पाणी चारने वाहतंय. पाण्याबरोबर गेलात तर चौदा, उलट आलात तर सहा. उधाणाला, पुलांच्या खांबांमध्ये, ओढ याहूनही जास्त होते. म्हणून आठवर भागत असलं तरी हातात थोडी ताकद शिल्लक असावी. चार-पाच माणसांसाठी १६ ते १८ फुटी होडीला मी १५ चं फोरस्ट्रोक सांगतो, २० म्हणजे चैन. जुनी टूस्ट्रोक स्वस्त मिळतात, दुरुस्तीलाही सोपी, पण आवाज आणि धूर इतका की वहिनी दुसऱ्या रविवारी येणार नाहीत. बॅटरीवर चालणारी आउटबोर्ड आता मिळतात, तलावात सुंदर चालतात. पण परतताना प्रवाह विरुद्ध फिरला आणि बॅटरी वीस टक्क्यांवर आली, ही पाळी मला तुमच्यावर आणायची नाही.

एक बारकावा विकणारे सांगत नाहीत. लहान आउटबोर्डच्या पायाची लांबी सहसा दोन प्रकारची असते, आखूड १५ इंची आणि लांब २० इंची. होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून त्याप्रमाणे घ्यावी लागते. लांब पायाचं इंजिन बुटक्या फळीला लावलं की ते उगाच पाच इंच जास्त खोल जातं, आणि आपल्या खाडीत पाच इंच म्हणजे तरंगणं आणि गाळात बसणं यातलं अंतर. उलट केलंत तर पंखा हवा ओढतो, इंजिन कोकलतं आणि होडी जागची हलत नाही. दर मोसमात दोन-चार जण ही चूक घेऊन येतात आणि इंजिनात दोष आहे म्हणून माझ्याशी वाद घालतात.

आता तिसरी होडी, जी तुम्हाला दाखवण्यासारखी वाटत नाही. तुमचं पत्र वाचताना मी तिथेच थांबलो. तिघींपैकी या पाण्याच्या मापाने बांधलेली तीच एकटी आहे. इंजिन वर उचललं की फूटभर पाण्यात तरंगते. गाळात सरळ बसते. पण आहे तशी घ्या असं मी म्हणणार नाही. मासेमारीची फायबर होडी अरुंद असते, कारण तिला एक-दोन सवयीची माणसं आणि जाळं वाहायचं असतं. ज्यांना होडीत उभं राहायची सवय आहे त्यांच्यासाठी ती डुलते, तुमच्या मित्राच्या बायकोसाठी ती उलटते. शिवाय तिची नोंद मासेमारीसाठी असणार. सहलीसाठी वापरायची तर कागद वेगळे लागतील, आणि ते होईपर्यंत विसार सोडून एक रुपयाही देऊ नका.

म्हणून माझं उत्तर चौथी. १६ ते १८ फुटी, फायबरची उघडी होडी, रुंदी सहा फुटांच्या वर, तळ जवळपास सपाट किंवा नाळेकडे किंचित उतरता. दोन्ही कडांना बाकं, मध्ये मोकळी जागा. मागे १५ चं फोरस्ट्रोक, आणि बटणाने चालू होणारं. दोरी ओढून इंजिन चालू करायची हौस साठीनंतर खांद्याला मानवत नाही. वर कापडी छत. छत मात्र उघडमीट करता येणारं हवं. वसईच्या खाडीत, म्हणजे तुमच्याच पाण्यात, दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी पश्चिमेकडे धावत असेल, तर वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. घोडबंदरच्या पुढे रुंद पाण्यात हे फार जाणवतं. अशा वेळी ताणलेलं छत शिडाचं काम करतं, आणि ते शीड तुम्हाला नको त्या दिशेला नेतं.

अशा होड्या नव्या बांधून मिळतात, जुन्याही मिळतात. जुनी घेतलीत तर एक लाकडी हातोडी घेऊन जा आणि तळ, कडा, मागची फळी सगळीकडे हलके ठोकत चला. खणखणीत आवाज येत राहिला तर ठीक. मध्येच भद्द वाजलं तर तिथे फायबरचे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. मागच्या फळीवर इंजिन तिरपं करून त्याच्या पायावर वजन टाका आणि फळीकडे बघा. ती लवताना दिसली तर चहा पिऊन परत या. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी, ती आली तर आतलं थंड पाणी फिरतंय. गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरतंय, म्हणजे सील गेलंय. हे सगळं न लाजता करा. कर्ज देताना गिऱ्हाइकाचे कागद तुम्ही असेच तपासले असतील.

पैशांचं म्हणाल तर नऊ लाखांतले सहाच होडी आणि इंजिनासाठी धरा. उरलेले तीन हातात ठेवा. ट्रेलर, छत, नांगर, पहिली मोठी सर्व्हिसिंग, नोंदणी, विमा, हे सगळं नंतर एकेक करून दारात उभं राहतं.

नोंदणी टाळू नका. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक नौकेला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, आणि आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. विकणाऱ्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र नसेल, किंवा त्यावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत नसेल, तर ती होडी कितीही स्वस्त असली तरी महाग आहे. २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर बिननोंदीच्या बोटीकडे पोलीस कसे बघतात, हे वेगळं सांगायला नको. आणि ऐरोली ते वाशी या पट्ट्यातली ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे होडी घालू नका, पाहुण्यांनी रोहित पक्षी जवळून बघायचा कितीही हट्ट धरला तरी. तसंही तुमच्याकडून तिकडे पाण्याने जाणं सोपं नाही. नकाशात मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर आहे ते साष्टी बेट दिसतं आणि वाटतं, फिरून येऊ. प्रत्यक्षात तुमची खाडी आणि ठाणे खाडी जोडणारी ठाण्याजवळची वाट चिंचोळी आहे आणि गाळाने भरलीय. असले नकाशे बघून बेत करणारे माझे दोन मित्र आहेत, दोघांनाही दोरी लावून आणावं लागलं.

पुन्हा वहिनींकडे. टॉयलेटची मागणी हसण्यावारी नेऊ नका. बोटी विकल्या जातात त्या बहुतेक वेळा याच कारणाने, फक्त जाहिरातीत तसं लिहीत नाहीत. पुरुष मंडळी काठाकडे तोंड करून मोकळी होतात आणि बायका सकाळपासून पाणी न पिता बसतात. मग डोकं दुखतं, मग त्या येत नाहीत, मग होडी उभी राहते. याला दोन उपाय आहेत. डब्यासारखं उचलता येणारं रसायनाचं टॉयलेट मिळतं, ते नाळेकडच्या बाकाखाली बसतं, आणि छताच्या नळीला जाड पडदा लावला की आडोसा होतो. दुसरा उपाय म्हणजे फेरी तीन तासांच्या वर न्यायचीच नाही. मी दोन्ही करा म्हणेन. केबिनमध्ये तीच सोय मिळेल, पण एप्रिलमध्ये बंद फायबरच्या केबिनमध्ये शिरून बघा. इडलीला जे होतं तेच.

तीन तासांची फेरी बसवायची म्हणजे भरती साधायची. तिथीची पाऊणपट हा हिशोब तुम्हाला आजोबांनी सांगितला असेल. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा समुद्रकिनाऱ्याचा ठोकताळा, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं. अपोलो बंदराचं छापील वेळापत्रक मिळतं, तेही मुंबईच्या तोंडाचं, कोलशेतचं नाही. तुमच्याकडे मात्र त्याहून चांगलं साधन आहे, तुमची बाल्कनी. एक वही करा. पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर, पाणी सगळ्यात वर आलं ती वेळ आणि सगळ्यात खाली गेलं ती वेळ लिहा, शेजारी वेळापत्रकातली वेळ लिहा. दोन्हींतला फरक हा तुमच्या दारचा फरक. त्याच वहीत ओहोटीच्या वेळी गाळ कुठून कुठवर उघडा पडतो त्याचं चित्र काढा, आणि त्या वेळी मच्छीमारांच्या होड्या कुठल्या वाटेने जातात ते बघा. खोल पाण्याची वाट ती. बाराव्या मजल्यावरून जे दिसतं ते होडीत बसलेल्या तांडेलालाही दिसत नाही, त्याला ते वर्षानुवर्षं तळ घासून शिकावं लागतं.

मला विचाराल तर दशमी-एकादशीची सकाळ सगळ्यात सोयीची. उजाडताना निघायचं, पाणी चढत असतं. चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, काल्हेर-बाळकूमच्या मधून कशेळीचा पूल, पुढे जमेल तितकं. चढत्या पाण्यात गाळावर बसलात तरी दहा मिनिटांत पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात बसलात तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. भरती भरली की पाणी थोडा वेळ स्थिर होतं. तेव्हा इंजिन बंद करून चहा. मग ओहोटीच्या पहिल्या ओढीबरोबर घरी, ती सुरू होऊन तास-दीड तास होण्याआधी धक्क्याला. असं दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूचं राहतं आणि १५ च्या इंजिनाला सबंध फेरीत पाच-सहा लिटर पेट्रोल पुरतं. तरी टाकीत त्याच्या दीडपट ठेवा. एक भाग जायला, एक यायला, एक देवाला.

वर डोंबिवली-कल्याणकडे जायचा मोह होईल. कल्याण घेतल्यावर महाराजांनी आरमाराची पहिली गलबतं त्याच खाडीत बांधायला घेतली, दुर्गाडी किल्ल्याखालून जाताना अंगावर काटा येतो हे खरं. पण पहिल्या मोसमात जाऊ नका. रेती उपसून तळाला कुठे खड्डे, कुठे ढीग झालेत, आणि मागच्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नसतं. कल्याणच्या वर गोड्या पाण्यात जलपर्णी माजते, पावसाच्या लोंढ्याबरोबर तिची बेटं खाली येतात. पंख्यात जलपर्णी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकणं ही तर खाडीतली रोजची भाजीभाकरी. इंजिन बंद करून, वर उचलून, सुरीने कापून काढायचं. इंजिन चालू ठेवून हात घालणाऱ्या एकाची दोन बोटं गेलेली मी पाहिली आहेत. खालच्या बाजूला घोडबंदर-नागलाकडची सफर सुंदर आहे, एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला तिवरं. ती हिवाळ्यातल्या सकाळी करा, वारा उठायच्या आत परत या.

होडीत काय हवं ते थोडक्यात. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, घातलेलं, बाकाखाली ठेवलेलं नव्हे, आणि नातीला तिच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निघून जातं. दोन वल्ही आणि एक लांब बांबू. गाळात धरणारा नांगर, त्याला थोडी साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर. शिट्टी, विजेरी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन. इंजिनाला लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याने मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद होतं. ही दोरी नव्वद टक्के होड्यांत हॅन्डललाच गुंडाळून ठेवलेली दिसते. अडचणीत ११२, समुद्राच्या तोंडाशी असाल तर तटरक्षक दलाचा १५५४.

आणि घरी आल्यावर, कितीही दमलात तरी, इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं. खाऱ्या पाण्याचं मीठ आत सुकून वाटा बुजवतं, त्यावरच माझं घर चालतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावून घ्या. जूनमध्ये होडी वर काढायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात.

होडी ठेवण्याचे दोन मार्ग तुमच्यासमोर आहेत. एक म्हणजे ट्रेलरवर सोसायटीत, आणि तेव्हा सेक्रेटरी हा तुमच्यासाठी सागरी मंडळाहून मोठा अधिकारी असेल. दुसरा, जवळच्या गावातल्या धक्क्याला, गावकऱ्यांच्या संमतीने. मला दुसरा बरा वाटतो, कारण तिथे कोणीतरी लक्ष ठेवतं. बांधताना दोर सैल ठेवा. शहरातला माणूस होडी गाडीसारखी आवळून बांधतो, आणि ओहोटीला ती धक्क्याला फाशी दिल्यासारखी लटकते. आणि ज्या मच्छीमाराची होडी तुम्ही पाहून आलात, ती घेणार नसलात तरी त्याला सोडू नका. दोन-तीन रविवार त्याचा मोबदला देऊन त्याच्याबरोबर जा, वही घेऊन. वहिनींनाही न्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याच्या बोटी भरतीप्रमाणे सुटतात, त्यात आधी एकदा बसवलंत तर उघड्या होडीत त्यांना कसं वाटतं ते अर्ध्या दिवसात कळेल.

वही भरली की मला पुन्हा लिहा. सोबत दोन गोष्टी कळवा : ओहोटीला तुमच्या धक्क्याच्या पायरीपासून पाणी किती पावलांवर जातं, आणि वहिनींना बसायला पुढे हवं की मागे. पुढे ऊन आणि शिंतोडे, मागे इंजिनाचा आवाज. त्यावर छत किती लांब घ्यायचं ते ठरेल.